कढईच्या गोलावरून उजवीकडे

बातमी आली तेव्हा मी दोह्यात, घराजवळच्या मुऐदरच्या सिग्नलला उभी होते. सकाळची ऑफिसची वेळ. फोनवर शालनवहिनींचं नाव दिसलं आणि मी घाईने फोन उचलला, कारण त्या घरचा फोन यायचा तो संध्याकाळी, सकाळी कधीच नाही. "ताई, हे गेले," वहिनी म्हणाल्या. "पहाटं. झोपेतच." सिग्नल केव्हाचा हिरवा झाला होता आणि मागच्या गाड्या ठणाणा करत होत्या. मी काहीबाही विचारत राहिले... कसं झालं, दवाखान्यात नेलं का, जवळ कोण होतं. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही आधी गाडी कडंला घ्या बघू. मला हॉर्न ऐकू येत्यात." नवरा जाऊन चार तास झालेली बाई करमाळा तालुक्यातल्या आपल्या ओसरीवर बसून दोह्यातली माझी गाडी कडेला लावत होती. मी गाडी कडेला घेतली आणि मग मात्र खूप रडले.

भानुदासभाऊ आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर होते. बावीस वर्षं दोह्यात काढलेला, साठीला टेकलेला, उन्हाने रापलेला माणूस. मी कोथरूडची, नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इकडे आलेली, एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलला लागलेली. म्हणजे काय, तर ड्रॉइंग येणार, मी नोंद करून शिक्का मारणार, ड्रॉइंग जाणार. वर्ल्ड कप जवळ येत चालला होता आणि सगळं शहर एकाच वेळी खणून ठेवलं होतं. माझ्याकडे तेव्हा लायसन्स नव्हतं. साइट ऑफिसची बस मला घ्यायला येणार होती म्हणून पहिल्या दिवशी मी भाऊंना फोनवर आमच्या घराच्या निळ्या पाटीवरचे झोन, स्ट्रीट आणि बिल्डिंग असे तिन्ही आकडे स्पष्ट उच्चारात सांगितले. पलीकडून आवाज आला, "आकडं ऱ्हाऊ द्या मॅडम. खुणा सांगा." मला रागच आला. तीन महिने त्या घरात राहत होते आणि कोपऱ्यावर काय आहे ते मला सांगता येईना, हे रागाचं खरं कारण होतं. पण पुणेकर माणूस स्वतःवर थोडाच चिडतो.

भाऊंच्या डोक्यात शहराचा वेगळाच नकाशा होता. दोह्यात तेव्हा पावलोपावली राउंडअबाउट होते, भाऊ त्यांना गोल म्हणत. प्रत्येक गोलाला त्यांनी करमाळ्याचं नाव दिलेलं. एकावर भलंमोठं भांड्यासारखं शिल्प होतं, तो कढईचा गोल. एकावर खजुराची सात झाडं, तो भावकीचा गोल, कारण झाडं शेजारी शेजारी पण तोंडं सगळ्यांची वेगळीकडे. आणि एक मोठा, पाच रस्त्यांचा, तो सासुरवाडीचा. का, तर आत शिरायला सोपा, बाहेर पडायला अवघड. हे सगळे गोल वर्ल्ड कपच्या तयारीत एकेक करून काढले जात होते आणि त्यांच्या जागी सिग्नल, पूल आणि बोगदे येत होते. त्यांची ड्रॉइंग माझ्याच टेबलावरून जायची. मी शिक्का मारायचे आणि आठवड्याभरात भाऊंचा एखादा गोल नाहीसा व्हायचा. मॅपवरच्या बाईला तर काही पत्ताच नसायचा, ती बिचारी लोकांना सरळ खड्ड्यात घालायची. म्हणून भाऊ रोज पहाटे मराठी मंडळींच्या ग्रुपवर आवाजातला मेसेज टाकत. "नमस्कार मंडळी. आज कढईकडं जाऊ नका, कढई उचलली. भावकीची डावी बाजू बंद हाय. सनैयाकडं जाणाऱ्यांनी जुन्या मटण मार्केटामागून जावा. सावकाश जावा." सनैया म्हणजे इंडस्ट्रियल एरिया, जिथे भाऊ आणि त्यांच्यासारखे हजारो एकटे पुरुष राहत. पर्लच्या महागड्या टॉवरांत राहणारे बडे साहेबसुद्धा चहा पिता पिता तो मेसेज ऐकत आणि मग घराबाहेर पडत. माझी मुलगी, जी आमच्या मराठीला फक्त इंग्रजीतून उत्तरं द्यायची, ती सासुरवाडी हा शब्द भाऊंच्या मेसेजमधून शिकली आणि बरेच दिवस तिला वाटत होतं की ते कतारमधल्या एखाद्या गावाचं नाव आहे.

एका गुरुवारी कामामुळे मला उशीर झाला आणि परतीच्या बसमध्ये मी एकटीच उरले. भाऊंनी सनैयातल्या यार्डात बस थांबवली, दहा मिनिटं मागून घेतली आणि फोन लावला. "साडेपाचला निघालो. भावकीवरनं सरळ आलो. मशिदीपाशी गर्दी होती. निळ्या शटरच्या गॅरेजासमोर सिग्नल लागला, तिथनं उजवीकडं..." मला वाटलं सुपरवायझरला रिपोर्ट देतायत. विचारलं तर म्हणाले, "घरी. रोजच सांगतो." मी हसले. बायकोला कोणी रस्ते सांगतं का? "दुसरं काय सांगू मॅडम? माझा दिवस म्हंजे रस्ताच की." त्याच फोनमध्ये शेवटी ते म्हणाले होते की आता खोलीवर आलोय, खिडकीतून समुद्र दिसतोय, वारा चांगला सुटलाय. मी बाहेर पाहिलं. यार्डाला लागून त्यांची खोली, आणि तिच्यासमोर टायरांचं गोडाऊन होतं. भाऊंनी माझी नजर चुकवली आणि बस सुरू केली. मीही पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

इथे राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण तिकडच्या वाचकांसाठी सांगते. इंजिनिअरला कुटुंब आणता येतं, ड्रायव्हरला येत नाही. पगार आणि हुद्दा यांची एक रेघ असते, आम्ही तिच्या वर होतो, भाऊ खाली. माझ्या सासूबाई दोनदा येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा मॉलमधल्या एसीला नावं ठेवून परत गेल्या. शालनवहिनींना बावीस वर्षांत एकदाही येता आलं नव्हतं. भाऊ दोन वर्षांतून एकदा दोन महिने घरी जायचे, तेवढाच काय तो संसार. त्यात कंपनीने सांगून टाकलं की वर्ल्ड कप संपला की जुन्या ड्रायव्हरांचं काम खलास. डिसेंबरात घरी. भाऊंनी कुरकुर केली नाही. बस चालवता चालवता एकदाच म्हणाले, "जायचं दुःख न्हाई ताई. पण एकदा तिला हे दाखवायचं ऱ्हायलं. बावीस वर्षं नुसती ऐकतीय." मॅडमची ताई मी त्या दिवशी झाले.

आणि मग भाऊंनीच तोड काढली. ज्याच्याकडे मॅचचं तिकीट, त्याला फॅन कार्ड, आणि फॅन कार्ड असलं की व्हिसा लागत नाही, हे त्यांनी कुठूनतरी ऐकलं. फुटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. मॅचच्या दिवसांत ड्रायव्हरला सुट्टी नसणार हेही त्यांना पक्कं माहीत होतं, त्यामुळे स्वतःसाठी त्यांनी काही मागितलंच नाही. तिकिटाचा अर्ज माझ्या नावाने करायचा, सोबत पाहुणी म्हणून शालनवहिनी, आणि राहायला आमचं घर, एवढं एकच मागणं त्यांनी आयुष्यात माझ्याकडे केलं. मी "बघते" म्हणाले. आज लिहिताना लाज वाटते, पण लिहायलाच हवं. मी तीन दिवस लावले. खेड्यातल्या अनोळखी बाईला पंधरावीस दिवस घरात ठेवायचं, तिच्याशी बोलायचं काय, मुलीच्या खोलीत झोपवायचं की हॉलमध्ये, असले क्षुद्र विचार मी तीन दिवस करत होते. त्या तीन दिवसांत भाऊ रोज मला वेळेवर घ्यायला आले आणि एका शब्दाने त्यांनी आठवण केली नाही. चौथ्या दिवशी मी अर्ज भरला. तिकिटं सोडतीने मिळायची. पहिल्यांदा नाही लागली, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा लागली तेव्हा मी बसमध्ये चढता चढता सांगितलं की भाऊ, लागली, दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेची मॅच आहे. भाऊंनी बस बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसते बसून राहिले. मागून कुणीतरी हिंदीत विचारलं की काय झालं, बस बिघडली का. "नहीं भाई," भाऊ म्हणाले, "बन गया काम."

नोव्हेंबर उजाडल्यावर, मॅचेस सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी वहिनी आल्या. विमान दुपारचं होतं. भाऊंनी कसेबसे चार तास मिळवले होते, नवा शर्ट घातला होता, आणि माझीच गाडी चालवायला घेतली होती. वहिनी बाहेर आल्या, सहावारी साडी, वर स्वेटर, हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी. मला वाटलं आता काहीतरी होईल. भाऊंनी विचारलं, "जेवलीस?" वहिनींनी मान हलवली. बस, खलास. विमानतळ ते मुऐदरमधलं आमचं घर, अख्खा रस्ता दोघं गप्प. खाडीपलीकडच्या काचेच्या इमारती गेल्या, मोठमोठे झेंडे गेले, भाऊंनी बोट म्हणून दाखवलं नाही. मी मागे बसून धुमसत होते. बावीस वर्षं फोनवर रस्ता वाचून दाखवणारा माणूस, आता रस्ता समोर आहे, बायको शेजारी आहे, आणि याची दातखीळ बसली आहे. मला तेव्हा कळलं नाही की समोरासमोर बोलायची दोघांना सवयच नव्हती. त्यांचा सगळा संसार कानाला लावलेल्या फोनमधून झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंच्या बसची, मॅचच्या प्रेक्षकांना ने-आण करायची, तालीम सुरू झाली, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पाच दिवस नवरा-बायको एका शहरात असून भेटले नाहीत. वहिनी माझ्या स्वयंपाकघरात मिसळून गेल्या, माझ्या मुलीने त्यांना लिफ्ट चालवायला शिकवली आणि त्यांनी तिला भाकरी थापायला. सहाव्या दिवशी भाऊंचा निरोप आला की उद्या दुपारी एक ते दोन जेवणाची सुट्टी आहे, सनैयामागं सासुरवाडीला लागून झालेल्या नव्या डेपोत, जमलं तर या. वहिनी सकाळी उठून हुलग्याची शेंगोळी करायला बसल्या. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. डबा फडक्यात बांधला आणि मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. तोपर्यंत माझ्याकडे लायसन्स आलेलं होतं आणि रुबाबही. मॅप लावला, बारा वाजता निघालो.

पहिला रस्ता बंद निघाला. मॅपने दुसरा दाखवला, तिथे पोलीस उभा, "यल्ला, यल्ला" करून त्याने सगळ्यांना परत फिरवलं. तिसऱ्या वळणावर आम्ही जिथून निघालो त्याच पेट्रोल पंपापाशी आलो. एक वाजला. भाऊ बसवर असताना फोन उचलत नाहीत, आणि सुट्टीत उचलला तरी मी कुठे आहे ते मला सांगता येणार नव्हतं. सव्वा वाजता मी हार मानली. म्हणाले, वहिनी, काही खरं नाही, पोचेपर्यंत सुट्टी संपेल, घरी जाऊ. वहिनी डबा घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, मघाशी दोन मिनारांची मशीद गेली. पलीकडं निळ्या शटरचं गॅरेज. म्हंजे पुढं कढईचा गोल की."

मी म्हणाले, वहिनी, तो गोल आता नाही, काढला. काढला म्हणजे, मीच त्याच्या ड्रॉइंगवर शिक्का मारला होता.

"गोल न्हाई, पर जागा तर हाय का न्हाई?" वहिनी म्हणाल्या. "तिथनं उजवीकडं घ्या."

मी घेतलं. पुढे, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, रांगेने टायरवाले आले. मग बेकरी आली, जिच्यासमोर भाऊ रोज दुपारी खुबूस रोट्या घ्यायला थांबत. मी सवयीने नव्या पुलावर चढायला गेले तर माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "वर चढू नका. वरचा नवा हाय, त्यो मला ठावं न्हाई. खालनंच चला." खालचा रस्ता मोकळा होता. मॅपवरची बाई परत फिरा, परत फिरा म्हणत होती, तिला मी बंद केलं. सहा दिवसांपूर्वी पहिल्यांदा विमानात बसलेली बाई मला वळणं सांगत होती आणि दर वळणावर ती म्हणेल ते समोर येत होतं. मला हसू येत होतं. यार्डाजवळून जाताना त्यांनी विचारलं, "हितंच खोली न्हवं त्यांची?" मी हो म्हणाले आणि जीभ चावली. वहिनी टायरांच्या गोडाऊनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समुद्र न्हाई हितं. मला ठावं हाय. बावीस वर्षांत फोनात एक लाट ऐकली न्हाई, हवा भरायच्या मशीनचा आवाज तेवढा यायचा." मग कधी विचारलं का नाही, मी म्हटलं. "त्यांना तेवढा असू दे म्हटलं. आता सासुरवाडीची डावी घ्या."

एक पस्तीसला आम्ही डेपोत पोचलो. भाऊ बसच्या पायरीवर बसले होते, आम्हाला बघून धावत आले आणि आधी माझीच माफी मागायला लागले... सगळं बंद आहे, तुमचे हाल झाले असतील, कुठल्या रस्त्याने आलात? मी म्हणाले, मला विचारू नका, आणणारीला विचारा. भाऊंना कळेना. मग वहिनींनी सुरुवात केली. मशिदीपासून, गॅरेजपासून, कढईपासून, एकेक वळण, जसं रोज ऐकलं तसं. भाऊ ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत होता. "पूल लागला असंल की मधी," त्यांनी मध्येच विचारलं. "लागला. म्या चढू दिलं न्हाई," वहिनी म्हणाल्या. "आन् सासुरवाडीला?" "डावी. उजवी घेतली असती तर अजून फिरत असतो." त्यावर भाऊ इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. दोघं पायरीवर बसून जेवली आणि अखंड बोलत होती. आसपास केरळचे, नेपाळचे, बिहारचे ड्रायव्हर डबे खात होते. भाऊ शेंगोळीचा वाडगा हातात घेऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ये मेरी घरवाली है. छह दिन हुआ आके. मॅडम रास्ता भूल गया था, इसने लाया." तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तर एका नेपाळी ड्रायव्हरला बसमधून उठवून सांगितलं. त्या महिन्यात मी दोह्यात जिंकणारे पुष्कळ चेहरे पाहिले, पण एक पस्तीसच्या त्या चेहऱ्याची सर कुणालाच आली नाही.

उरुग्वेची मॅच आम्ही दोघींनी पाहिली. ती बरोबरीत सुटली, शून्य-शून्य. वहिनी म्हणाल्या, शहरातले गोल काढले ते काढले, हितलेबी काढले काय. तोपर्यंत भाऊंना दोन शुक्रवार मोकळे मिळाले होते. पहिल्या शुक्रवारी त्यांनी वहिनींना समैस्माला नेलं, खऱ्या समुद्रावर. तिथून त्यांनी मला फोन लावला आणि काही न बोलता तो पाण्याकडे धरला.

डिसेंबरात भाऊ कायमचे गावी गेले. वर्षभराने मी भेटायला गेले तेव्हा वहिनींनी हसत हसत तक्रार केली. घरात समोर बसलं की यांना काही सुचत नाही. म्हणून हे रोज संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत चालत जातात आणि तिथून फोन लावतात. निघालो, शाळेपाशी आलो, दूध डेअरीवर गर्दी हाय, पिंपळापाशी कुत्रं बसलंय... असं करत करत दारापर्यंत येतात, मग फोन ठेवतात आणि गप जेवायला बसतात. गाव हसायचं. वहिनीही हसायच्या, पण चुलीवरचं बाजूला ठेवून फोन घ्यायच्या. शेवटच्या संध्याकाळीही तो फोन झाला होता.

भाऊंच्या दिवसकार्याला मला रजा मिळाली नाही. दीड महिन्याने चार दिवस पुण्याला आले आणि वहिनींना कळवलं की मी येते भेटायला. तर म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. मीच येते. एकटीच येते." मी म्हणाले स्वारगेटला गाडी पाठवते, निदान पत्ता तरी तुमच्या मुलाकडून लिहून घ्या. "पत्ता नको," वहिनी म्हणाल्या, "रस्ता सांगा." मी तोंड उघडलं आणि मला जन्मगावचं कोथरूड सांगता येईना. सगळीकडे मेट्रोचे खांब, जुनी दुकानं गेलेली. तासाभराने फोन करते म्हणाले, पायात चपला सरकवल्या आणि स्टॉपपासून सोसायटीपर्यंत चालत, थांबत, एकेक खूण कागदावर लिहून आणली. मग फोनवर अर्धा तास रस्ता सांगितला. वहिनींनी मध्ये एक प्रश्न विचारला नाही, नुसतं "हं... हं... पुढं" करत ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बेल वाजली. दारात वहिनी, एका हातात पिशवी, कुणाला विचारलं नाही, कुठे चुकल्या नाहीत. आत आल्या, पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "समदं बरोबर सांगितलं तुम्ही ताई. फकस्त वळणावरची पिठाची गिरणी ऱ्हायली. हे असते तर त्यांनी गाळली नसती."